चलान भरलं म्हणजे विषय संपला? लायसन्स निलंबनाचा हिशोब आणि अपिलाचा रस्ता

मोबाईलवर मेसेज येतो. गाडीचा नंबर, तारीख, दंडाची रक्कम आणि खाली लिंक. आपण मनातल्या मनात चार शब्द ऐकवतो, यूपीआयवरून पैसे भरतो आणि विसरून जातो. बहुतेकांच्या डोक्यात हिशोब साधा असतो: दंड भरला, विषय संपला.

कायद्यात मात्र तो तिथे संपत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम २०० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी घातल्या. एक, दंड भरून प्रकरण मिटवलं तरी पुढच्या वेळी तो गुन्हा 'आधी केलेला गुन्हा' म्हणूनच धरला जाणार. दोन, दंड भरला म्हणून लायसन्सवर होणारी कारवाई टळणार नाही.

म्हणजे आपण ज्याला पावती समजतो, ती खात्यावरची नोंदही असते. अशा नोंदी साठत गेल्या तर तीन महिने गाडीला हात लावता येणार नाही अशी वेळ येऊ शकते. तुळजापूरसारख्या गावात, जिथे देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना नेण्या-आणण्यावर कितीतरी घरं चालतात, तिथे तीन महिने म्हणजे एखाद्या ड्रायव्हरचं अख्खं नवरात्र गेलं असं समजा.

तर लायसन्स नेमकं कधी निलंबित होतं, ते कोण करू शकतं आणि झालं तर दाद कुठे मागायची, हे नीट समजून घेऊया.

आपल्याकडे पॉइंट सिस्टीम आहे का?

दुबईत किंवा लंडनमध्ये राहणारा नातेवाईक असेल तर त्याच्याकडून हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ब्रिटनमध्ये प्रत्येक गुन्ह्याला ठरावीक पॉइंट लागतात. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी बंद. नवीन ड्रायव्हरला तर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले तरी लायसन्स गमवावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत 'काळे पॉइंट' असतात आणि त्यांची मर्यादा २४ आहे.

भारतात असा पॉइंटचा तक्ता कायद्यात नाही. प्रयत्न झाला होता. २०१४ मध्ये केंद्र सरकारने रस्ते वाहतूक आणि सुरक्षा विधेयकाचा मसुदा आणला, त्यात दंडाच्या पॉइंटची पद्धत होती. तो मसुदा कायदा झाला नाही. त्यानंतर २०१९ मध्ये जुन्या कायद्यातच मोठी दुरुस्ती झाली. दंड वाढले, लायसन्सवरची कारवाई कडक झाली, पण पॉइंट काही आले नाहीत.

पॉइंट आले नसले तरी मोजणी आली. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये दुरुस्ती झाली आणि एका वर्षात पाच किंवा त्याहून जास्त वेळा वाहतुकीचे गुन्हे करणं हे लायसन्सवर कारवाई करण्याचं कारण ठरलं. यात मोठेच गुन्हे हवेत असं नाही. हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल अशी रोजची चलानंही मोजली जाऊ शकतात. मागच्या वर्षीची चलानं पुढच्या वर्षीच्या हिशोबात ओढली जात नाहीत.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हे 'पाच चलान झाले की लायसन्स आपोआप रद्द' असं सांगितलं जातं. ते चूक आहे. आपोआप काहीच होत नाही. अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मग लेखी आदेश काढायचा, असं कायदा सांगतो. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण पुढची सगळी लढाई या 'ऐकून घेण्यावर' उभी राहते.

लायसन्स जाण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता पोलिसांकडून सुरू होतो. कलम २०६(४) मध्ये काही गुन्ह्यांची यादी दिली आहे. ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात चालवणं, धोकादायक पद्धतीने चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, असुरक्षित अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणं, दुचाकीवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं आणि ॲम्ब्युलन्ससारख्या गाडीला वाट न देणं. 'धोकादायक पद्धत' यात सिग्नल तोडणं, हातात मोबाईल धरून चालवणं आणि उलट दिशेने गाडी घालणं हेही येतं. यांपैकी काही झालं असं वाटलं तर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात.

आरटीओच्या कागदावर लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हणतात आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याला 'अनुज्ञप्ती प्राधिकारी'. हा अधिकारी कलम १९(१अ) खाली सुनावणी घेतो. त्याच्यापुढे दोन पर्याय असतात. एक तर तुम्हाला मोकळं करायचं, नाहीतर सविस्तर कारणं लिहून आदेश काढायचा. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र, दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्याला लायसन्सच रद्द.

दुसरा रस्ता कलम १९(१) चा. यात पोलिसांनी लायसन्स जप्त केलेलं असायलाच हवं असं नाही. तुमच्या आधीच्या वागण्यावरून तुम्ही गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे असं दिसलं, किंवा केंद्रीय नियम २१ मध्ये दिलेलं एखादं कृत्य घडलं, तर अधिकारी कारवाई सुरू करू शकतो. नियम २१ ची यादी मोठी आहे. प्रवाशाला मारहाण, जादा भार, मालवाहू गाडीतून माणसं नेणं, अपघातानंतर जखमीला मदत करण्याची जबाबदारी टाळणं, असं बरंच काही त्यात येतं. पिकअपच्या हौद्यात अख्खं कुटुंब बसवून देवदर्शनाला निघण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याचा फटका ड्रायव्हरच्या लायसन्सला बसू शकतो. वर्षात पाच गुन्ह्यांचा नवा हिशोबही याच नियमात बसवला आहे.

तिसरा रस्ता कोर्टाचा. गुन्हा सिद्ध झाला तर कलम २० खाली न्यायालय स्वतःच अपात्र ठरवू शकतं. दारू पिऊन चालवल्याबद्दल दोषी ठरलात तर ही अपात्रता किमान सहा महिन्यांची असते. कलम २१ आणखी कडक आहे. धोकादायक चालवल्याबद्दल आधी शिक्षा झालेल्या माणसावर, पुन्हा तसंच चालवून कुणाचा जीव घेतल्याचा किंवा कुणाला गंभीर जखमी केल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर त्या प्रकारच्या वाहनाचं त्याचं लायसन्स गुन्हा नोंदल्यापासून सहा महिने निलंबित राहतं. त्याआधी सुटका झाली तर तोपर्यंत.

पोलीस जागेवर लायसन्स निलंबित करू शकतात का?

नाही. जप्त करू शकतात, निलंबित नाही. या दोन शब्दांत लोकांचा कायम गोंधळ होतो.

२०२२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. वेगमर्यादा मोडल्याबद्दल पोलीस अधिकाऱ्याने लायसन्स निलंबित केलं होतं. न्यायालयाने सांगितलं की पोलिसांना लायसन्स ताब्यात घेऊन पुढे पाठवण्याचा अधिकार आहे, पण अपात्र ठरवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याचा आहे.

पण यात एक मेख आहे. लायसन्स ताब्यात घेताना पोलिसांनी तुम्हाला तात्पुरती पोच द्यायची असते. अनेकांना वाटतं, पोच खिशात आहे म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही. कायद्यात याच्या उलट लिहिलंय. कलम २०६(४) खाली मिळालेल्या या पोचपावतीवर, लायसन्स परत मिळेपर्यंत, गाडी चालवता येत नाही. म्हणून पोच मिळाली की तिच्यावर कोणतं कलम लिहिलंय ते त्याच वेळी वाचा. नुसतं 'लायसन्स जमा' एवढंच लिहिलं असेल तर कलम लिहून मागा.

तुळजापूरच्या ड्रायव्हरचं गणित

समजा, तुळजापूरमधला एक क्रुझर चालवणारा माणूस आहे. गाडी शेठची, लायसन्स याचं. सोलापूरला साधारण ४५ किलोमीटर, वाटेत घाट. धाराशिव त्याहून जवळ. सोलापूर किंवा धाराशिवला रेल्वेतून उतरलेला भाविकही पुढे रस्त्यानेच येतो, त्यामुळे वर्षभर भाडं असतं. शारदीय नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमाराला गर्दीला पार नसतो. सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लोक पायी येतात, त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते, लांबच्या रस्त्याने फेऱ्या माराव्या लागतात. वेळ कमी, भाडं जास्त. वेगाचं चलान पडण्याचे हेच दिवस.

आता कॅमेऱ्याने फोटो काढला तर चलान कुणाच्या नावावर जातं? गाडीच्या. म्हणजे शेठच्या. पण लायसन्स गाडीला नसतं, माणसाला असतं. गाडी त्या दिवशी कोण चालवत होतं हे कॅमेऱ्याच्या फोटोत कळेलच असं नाही. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर ड्रायव्हर कोण होता ही माहिती मालकाने द्यायची असते. एकाच गाडीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा ड्रायव्हर असेल, आणि कुठेच नोंद नसेल, तर पाचपैकी तीन चलानं चुकीच्या माणसाच्या नावावर जाऊ शकतात.

घरातल्या दुचाकीचंही तेच. गाडी वडिलांच्या नावावर, फिरवतो मुलगा. चलानं येतात वडिलांना. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर तो वेगळाच आणि फार गंभीर विषय होतो. कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आणि मग विकलेल्या गाड्या. गाडी दिली, पैसे घेतले, कागद मात्र जुन्याच नावावर. चार वर्षांनी कुठल्यातरी शहरातलं चलान मूळ मालकाच्या मोबाईलवर येतं. कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. हे कळवणं म्हणजे कटकट वाटते, पण नोंदीच्या या काळात तेच तुमचं संरक्षण आहे.

यावर उपाय साधे आहेत. भाड्याच्या गाडीवर एक वही ठेवा. तारीख, वेळ, ड्रायव्हरचं नाव, फेरी. ड्रायव्हरनेही आपल्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. आणि परिवहनच्या पोर्टलवर लायसन्स आणि गाडी या दोन्हींना जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, ते आजच बघा. जुन्या, बंद पडलेल्या सिमकार्डवर नोटीस जाते आणि माणसाला कारवाईचा पत्ता थेट नाक्यावर लागतो.

पहिली पायरी: चुकीचं चलान तेव्हाच अडवा

लायसन्स वाचवण्याची लढाई निलंबनाच्या नोटिशीपासून सुरू होत नाही. ती चलान आलं त्या दिवशी सुरू होते.

जानेवारी २०२६ च्या नियमांप्रमाणे चलान भरायला किंवा त्याला हरकत घ्यायला ४५ दिवस असतात. या काळात काहीच केलं नाही तर चलान मान्य आहे असं धरलं जातं. म्हणजे 'बघू नंतर' म्हणून पडू दिलेलं चुकीचं चलानही तुमच्या खात्यात जमा होतं.

कॅमेऱ्याच्या चलानात काय असायला हवं हेही नियम १६७अ मध्ये दिलंय. नंबर प्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण, वेगाचं असेल तर यंत्राने मोजलेला आकडा, आणि कोणतं कलम मोडलं ते. चलान उघडा आणि हे एकेक तपासा. नंबर प्लेटमध्ये एक आकडा वेगळा असतो, गाडी दुसऱ्याच रंगाची असते, हेल्मेटचं चलान चारचाकीवर पडलेलं असतं. असं काही दिसलं तर पोर्टलवर तक्रार टाका, स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तक्रार फेटाळली तर न्यायालयात जाण्याचा पर्याय राहतो.

लोकअदालतीबद्दलही एक गैरसमज आहे. तिथे थकलेली चलानं तडजोडीने मिटतात, कधी रक्कम कमी होते, म्हणून लोक वाट बघत बसतात. पैशाच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण तडजोड केली म्हणजे 'मी हे केलंच नव्हतं' असं सिद्ध होत नाही. चलान मुळातच चुकीचं असेल तर तडजोड करण्याऐवजी हरकत घेतलेली बरी.

आणखी एक सावधगिरी. 'तुमचं लायसन्स निलंबित होणार आहे, चलान बघण्यासाठी हे ॲप घ्या' असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि सोबत एपीके फाईल असते. ती उघडली की फोनचा ताबा चोराकडे जाऊ शकतो. खरं चलान बघायला कुठलीही फाईल डाउनलोड करावी लागत नाही. परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका.

दुसरी पायरी: नोटीस आली तर सुनावणीला जा

लायसन्सवर कारवाई करायची असेल तर आधी तुमचं म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. हे साधारणपणे कारणे दाखवा नोटिशीतून होतं. एमएच २५ ची गाडी आणि धाराशिवचं लायसन्स असलेल्या माणसाला नोटीस बहुधा धाराशिवच्या आरटीओ ऑफिसची येईल, तरी नोटिशीवर कोणत्या कार्यालयाचं नाव आणि कोणती तारीख आहे ते नीट वाचा.

बरेच जण भीतीने जातच नाहीत. मग अधिकारी समोर असलेल्या कागदांवरून निर्णय घेतो आणि तुमची बाजू फाईलमध्ये कुठेच नसते. पुढे अपिलात 'मला ऐकलंच नाही' हा मुद्दाही कमजोर पडतो, कारण संधी दिली होती, तुम्ही गेला नाहीत.

सुनावणीला जाताना म्हणणं लेखी न्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. त्यात हे मुद्दे असू शकतात.

एक, ही सगळी चलानं माझी आहेत का? गाडी कोण चालवत होतं, गाडी विकली होती का, कोणत्या चलानाला मी आधीच हरकत घेतली आहे?

दोन, मोजणी बरोबर आहे का? पाच गुन्हे खरंच एका वर्षातले आहेत का? एकाच घटनेची दोन चलानं दोनदा मोजली आहेत का?

तीन, हा माझा पहिला गुन्हा आहे का? कलम १९(१अ) खाली पहिला आणि दुसरा यात तीन महिने आणि रद्द इतका फरक आहे. आणि अधिकाऱ्याला मोकळं सोडण्याचाही अधिकार आहे, ते मागायला संकोच करू नका.

चार, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कायद्यात 'सर्व किंवा कोणत्याही प्रकारची वाहनं' चालवण्यास अपात्र ठरवता येतं असे शब्द आहेत. म्हणजे अधिकारी फक्त एका प्रकारापुरताही आदेश काढू शकतो. आपला क्रुझरवाला सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर विनाहेल्मेट सापडला असेल, तर 'अपात्रता मोटारसायकलपुरती ठेवा, चारचाकीवर माझं घर चालतं' अशी लेखी विनंती तो करू शकतो. मान्य होईलच याची खात्री नाही. पण मागितलंच नाही तर अधिकाऱ्याच्या डोक्यात तो पर्याय येईलच असं नाही.

वकील लावणं परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

तिसरी पायरी: आदेश निघाला, आता अपील

कलम १९(३) प्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. लक्षात घ्या, आदेश 'मिळाल्यापासून'. म्हणून आदेश हातात पडला ती तारीख महत्त्वाची. पाकीट टाकून देऊ नका, मेसेज डिलीट करू नका. अपील कोणाकडे करायचं ते अधिकारी राज्य सरकारच्या नियमांनी ठरवलेले असतात. ते परिवहन खात्यातले वरिष्ठ अधिकारी असतात. आदेशावर त्यांचा उल्लेख नसेल तर त्याच कार्यालयात लेखी विचारा आणि आदेशाची प्रमाणित प्रत मागा.

अपिलात कोणते मुद्दे चालतात? म्हणणं ऐकून न घेता आदेश काढला. आदेशात कारणंच नाहीत, नुसता छापील मजकूर भरलाय. चलानं दुसऱ्या माणसाची किंवा दुसऱ्या गाडीची आहेत. मोजणी चुकली. पहिला गुन्हा असताना दुसरा धरून लायसन्स रद्द केलं. 'मी गरीब आहे' हा मुद्दा सहानुभूती मिळवेल, पण एकटा तो पुरत नाही. त्याच्यासोबत वरच्यापैकी एखादा तरी ठोस मुद्दा हवा.

अपील केलं म्हणजे आदेश थांबला, असं समजून स्टेअरिंगवर बसू नका. अपिलासोबतच स्थगितीचा वेगळा अर्ज द्या आणि स्थगिती लेखी मिळाल्यावरच गाडी बाहेर काढा. निलंबन तीन महिन्यांचं आणि अपिलाची तारीख चौथ्या महिन्यात लागली तर जिंकूनही हातात काय येणार? म्हणून स्थगितीचा अर्ज पहिल्या दिवशीच.

अपील अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो असं कायदा म्हणतो. तरीही नैसर्गिक न्यायाचा उघड भंग झाला असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार उघडं असतं. धाराशिव जिल्ह्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. मात्र तीन महिन्यांच्या निलंबनासाठी तो खर्च आणि वेळ परवडतो का, याचा विचार आधी करावा.

न्यायालयाने अपात्र ठरवलं असेल तर रस्ता वेगळा. तिथे वरच्या न्यायालयात अपील करावं लागतं आणि ते न्यायालय सांगत नाही तोवर अपात्रता चालूच राहते, हे कलम २३ मध्ये स्पष्ट आहे. त्याच कलमात लांब मुदतीच्या अपात्रतेसाठी एक खिडकी ठेवली आहे. आदेशाला सहा महिने उलटल्यावर, अपात्रता उठवा असा अर्ज त्याच न्यायालयाकडे किंवा अधिकाऱ्याकडे करता येतो. तो फेटाळला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांनी.

निलंबन असताना चालवली तर?

'गावातल्या गावात कोण विचारतंय' हा विचार सगळ्यात महागात पडतो. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स संपूर्ण भारतासाठी असतं, तसंच निलंबनही. सोलापुरात निलंबित आणि कलबुर्गीत चालतंय असं होत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून निलंबित आणि रद्द झालेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर ठेवली जाते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातला पोलीसही ती बघू शकतो.

त्याहून मोठा धोका अपघाताचा. अपात्र ड्रायव्हर गाडी चालवत होता, हा विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यासाठी कायद्याने दिलेला मुद्दा आहे. म्हणजे नुकसानभरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. ड्रायव्हरचं लायसन्स चालू आहे का हे गाडीमालकाने अधूनमधून तपासणं, हे ड्रायव्हरवरच्या अविश्वासाचं लक्षण नाही. त्याच्या जमिनीचा प्रश्न आहे.

तीन महिने पूर्ण झाले की लायसन्स आपसूक हातात येतं असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ड्रायव्हरसाठीचा उजळणी प्रशिक्षण वर्ग पूर्ण करणं बंधनकारक झालं. निलंबनाचा काळ चालू असतानाच हा वर्ग उरकून घ्या, नाहीतर चौथा महिनाही घरीच जाईल.

लायसन्सवर न्यायालयाचा शेरा पडला असेल तर तो कायमचा नसतो. कलम २५ प्रमाणे सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर शेऱ्याविना स्वच्छ लायसन्स मागता येतं. शेरा फक्त वेगमर्यादेचा असेल तर एका वर्षात.

मग हे सगळं अन्यायाचं आहे का?

एका बाजूला आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून जास्त. देशातल्या मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, जवळपास ४४ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की वेग, सिग्नल, दारू, मोबाईल, जादा भार अशा गुन्ह्यांना नुसता दंड पुरेसा नाही, किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. नवरात्रात रात्री रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या भाविकांच्या अंगावर गाडी घालणाऱ्याला फक्त पैसे भरून सुटू द्यावं असं कुणी म्हणणार नाही. पैसेवाल्याला दंड टोचत नाही, लायसन्स टोचतं.

दुसऱ्या बाजूला, पॉइंटच्या पद्धतीत एक चांगली गोष्ट असते जी आपल्या मोजणीत अजून नाही. तिथे ड्रायव्हरला आपली शिल्लक कळते आणि कोणत्या गुन्ह्याचं किती वजन आहे हेही कळतं. आपल्याकडे विनाहेल्मेट एक चलान आणि उलट दिशेने गाडी घातल्याचं एक चलान, पाचाच्या मोजणीत दोन्ही एकच. शिवाय चलान गाडीचं आणि शिक्षा माणसाला, ही फट भरली गेलेली नाही. जो रोज बारा तास रस्त्यावर असतो त्याची पाच चलानं आणि जो आठवड्यातून एकदा गाडी काढतो त्याची पाच चलानं, यातला फरकही नियम बघत नाही.

हा फरक बघायची जागा एकच आहे, ती म्हणजे सुनावणी. तिथे अधिकारी खरोखर ऐकतो की शिक्का मारतो, यावर हा नियम रस्ते सुरक्षित करणार की नुसता धाक बनून राहणार, हे ठरेल. आपल्या हातात आहे ते एवढंच: चलान आलं की उघडून वाचायचं, बरोबर असेल तर भरायचं आणि ती आपली एक नोंद झाली हे लक्षात ठेवायचं, चुकीचं असेल तर ४५ दिवसांत हरकत घ्यायची. नोटीस आली तर जायचं. आदेश आला तर ३० दिवस मोजायचे.

आणि आता मोबाईल हातात आहेच, तर हा लेख पुढे पाठवण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर आपल्या गाडीचा नंबर टाकून बघा. यंदाचे किती झालेत?